वाळूला अस्तर

खुरपं बाजूला ठेवून तिने हातानेच माती उकरायला सुरुवात केली. खुरप्याचं पातं लागलं असतं तर जे काही उरलंसुरलं असेल तेही तुटलं असतं. घेवड्याच्या दोन वेलांमधली जागा तिने निवडली होती, मुळांना धक्का लागणार नाही अशी. तरी हात आत गेला की एखादं पांढरं मूळ बोटाला लागायचं आणि ती थबकायची. वर ऊन असं तापलं होतं की दाराच्या कडीला हात लावता येत नव्हता. वीतभर खाली मात्र माती गार होती, ओलसर, काळपट. काल संध्याकाळी या वाफ्याला दिलेलं बादलीभर पाणी अजून तिथेच मुक्काम करून होतं.

एरवी कुठल्याही दिवशी तिला या ओलीचं कौतुक वाटलं असतं. आज तिला मातीशी देणंघेणं नव्हतं. तिला हवे होते फ्रॉक.

मास्तर सकाळीच हातगाडी घेऊन वीटभट्टीकडे गेले होते, तिथली टाकाऊ चिकणमाती आणायला. जेवायच्या वेळेपर्यंत येणार नव्हते. त्यांना मास्तर म्हणायचे ते कपडे शिवायचे म्हणून. आता सारा दिवस ते मातीत असले तरी नाव चिकटलं होतं, आणि तिचंही मास्तरीण हे नाव त्यापाठोपाठ आलं होतं. इतकी वर्षं जमिनीत पुरलेलं सुती कापड शाबूत सापडेल असं मानायला ती काही खुळी नव्हती, शिंप्याची बायको होती. पण लेक परवा येणार होती, आणि तोवर हातावर हात धरून बसणं तिच्याने होईना.

सगळा घोळ फोनवर झाला होता.

लेकीचा फोन महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा. बोलणं ठरलेलं. तब्येत कशी आहे, औषधं घेता ना, इथे पाऊस आहे, तिथे आहे का. वडिलांची चौकशी "त्यांचा खोकला गेला का" इतपतच. मग तेवढ्यापुरता कॅमेरा लावून ती नातीला फोनसमोर धरायची. नात "आजी" म्हणायची आणि पळायची. फोनच्या काचेत मावेल तेवढीच ती आजीला ठाऊक होती: कपाळावरची बट, पडलेला दात, हलणारी हनुवटी. त्या रविवारी मात्र नात पळून गेल्यावर लेकीने कॅमेरा बंद केला, पण फोन ठेवला नाही.

"आई, माझे लहानपणीचे फ्रॉक आहेत ना गं अजून? बाबांनी शिवलेले?"

"आहेत की." तोंडातून निघूनच गेलं.

"सगळे?"

"हो. कुठे जातायत?"

"मला हवेत. पोरीसाठी. कुणी इकडे येणारं असेल तर पाठवशील?"

खरं सांगायची वेळ ती होती. एका वाक्याचं काम होतं. पण "मला हवेत" या दोन शब्दांवर तिचं मन अडकून राहिलं. कित्येक वर्षांत लेकीने या घराकडे काही मागितलं नव्हतं. दिलेलंही राहू दे म्हणून बाजूला सारलं होतं. आणि आज ती मागत होती. तिच्यातली आई एकदम चलाख झाली, भाजीवाल्याशी घासाघीस करताना व्हायची तशी.

"पाठवायबिठवायला कोण बसलंय इथे?" ती म्हणाली. "हवे असतील तर येऊन घेऊन जा."

फोन बंद पडला असं वाटून तिने तो कानापासून दूर धरला, बघितला, पुन्हा कानाला लावला.

"बघते," लेक म्हणाली.

आणि पुढच्याच रविवारी तब्येत, औषध, पाऊस यातलं काहीही न विचारता म्हणाली, "सुट्टी मिळालीय. दोन दिवस येतो आम्ही दोघी. फ्रॉक काढून ठेव."

मास्तरीण त्या आठवड्यात घरात चालत नव्हती, तरंगत होती. भांडी पुन्हा पुन्हा घासून झाली. मास्तरांना तिने दोनदा दाढी करायला लावली, आणि लेक यायला अजून आठ दिवस आहेत हे त्यांनी लक्षात आणून दिलं तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं. मग एका दुपारी, उशीचे अभ्रे उन्हात घालताना, "काढून ठेव" हे शब्द तिला पुन्हा ऐकू आले आणि ती आहे तिथेच खाली बसली. लेक आईसाठी येत नव्हती, बापासाठी तर नाहीच. ती फ्रॉकसाठी येत होती. आणि फ्रॉक नव्हते.

लेक घरातून गेली ती या जमिनीपायीच. शहरात त्यांचं दुकान होतं, मागे राहायच्या दोन खोल्या. कापायच्या टेबलाखाली लेक रांगली, तिथेच बसून पाढे शिकली. पुढे तयार कपड्यांची दुकानं झाली, आणि ज्या हातांनी लग्नाचे कोट शिवले त्या हातांकडे पँट आखूड करणं आणि चेन बसवणं एवढंच उरलं. मास्तर मनातून विटले. एके दिवशी दुकान आणि खोल्या देऊन टाकून त्यांनी गावाबाहेरचा हा वाळूचा तुकडा घेतला. लेक तेव्हा कॉलेजात. तिला कुणी विचारलंच नाही. काही महिने मैत्रिणीकडे काढून, शहरातल्या चपला घालून ती इथे पहिल्यांदा आली तेव्हा घोट्यापर्यंत वाळूत रुतली होती. तशीच उभी राहून म्हणाली, "माझं घर तुम्ही वाळूत घातलंत, बाबा."

मास्तरांची जीभ रागात कात्रीसारखी चालायची. "तुला नको असेल तर येऊ नकोस," ते म्हणाले.

तिने बापाचा शब्द पाळला. आधी हॉस्टेल, मग लांबची नोकरी, मग तिथलंच लग्न. लग्नाची बातमी झाल्यावर कळली, पोरीची जन्मल्यावर.

आणि वाळू तर पहिल्या दिवसापासून वाळूच. पाणी ओतलं की चाळणीत ओतल्यासारखं खाली. शेण घाला, पालापाचोळा घाला, चार दिवसांत सगळं कुठच्या कुठे. पेरलेलं उगवायचं, दोन पानं काढायचं आणि मान टाकायचं. मास्तर रोज पहाटे उठून त्या मेलेल्या रोपांकडे बघत बसायचे. एकदा पाण्याच्या पिंपाखाली पडलेलं पोतेरं त्यांनी उचललं, तर त्याच्याखालची वाळू ओली होती. आठ दिवसांत तिथे पाण्याचा थेंब सांडला नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. हातात पोतेरं घेऊन अंगणभर फिरले.

मग सुरू झालं ते खूळ. हातभर खोल चर खणायचा. सुती चिंध्या चिकणमातीच्या राड्यात बुडवून त्याच्या तळाला अंथरायच्या. त्यावर शेण, पाला, कोळशाचा चुरा, मग खणलेली वाळू, आणि सगळ्यात वर वाळलेल्या गवताचं पांघरूण. चिंध्या पाणी धरायच्या. कालांतराने त्या कुजून जायच्या, पण तोवर चिकणमाती आणि शेण वाळूच्या अंगी लागलेलं असायचं. लोक म्हणायचे, मास्तरांचं डोकं फिरलंय, जमिनीला अस्तर लावतायत. मास्तरांना ते इतकं आवडलं की ते स्वतःच तसं सांगू लागले. कापड मात्र शुद्ध सुतीच हवं. कुणी जुने कपडे दिले की ते एक धागा ओढून काडीवर जाळून बघायचे. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख झाली तर ठेवायचं. धागा आकसून त्याचा मणी झाला तर कपडा त्या माणसाला तिथल्या तिथे परत.

पहिल्या वाफ्याच्या वेळी तर कपडे द्यायलाही कुणी नव्हतं. मास्तरांनी आपले शर्ट फाडले, चादरी फाडल्या, दुकानातली उरलेली कात्रणं ओतली, आणि तरी चर शेवटी हात-दोन हात रिकामाच राहिला. लेक गेली तोच तो आठवडा. मास्तर चराच्या काठावर डोकं धरून बसले. "पुरे झालं," ते म्हणाले. "सोडून देऊ हे." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

तेव्हा तिने पेटीतून फ्रॉकचं गाठोडं काढलं. जिला घर नको तिचे कपडे कशाला जपायचे, असं पुटपुटत तिने गाठ सोडली. एकेक फ्रॉक राड्यात बुडवताना मात्र ती ढसाढसा रडली. संध्याकाळी मास्तर उठून बाहेर आले तेव्हा चर भरलेला होता. "शेजारून मागून आणले जुने कपडे," तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या वर्षी सगळीकडे सगळं करपलं, आणि या एका वाफ्यात घेवडा लागला. पुढचे सगळे वाफे त्या एका वाफ्याच्या जोरावर झाले.

आता त्याच वाफ्यात ती कोपरापर्यंत हात घालून बसली होती. आधी तिला वाटलं मूळच हाताला लागलंय. पण मूळ असं सरळ नसतं. तिने हलकेच ओढलं. मातीचे कण गळून पडले आणि दोरा वर आला, पिवळा. त्याच्यामागून आणखी दोरा, मग वळण घेतलेला दोरा. तिने घाई केली नाही. तांदूळ निवडावे तशी ती माती सोडवत गेली आणि जे निघालं ते मांडीवर पसरत गेली. गळ्याचं गोल. बाह्यांची दोन लहान गोलं. कमरेची शिवण, तिला धरून चुण्यांच्या बारीक बारीक रेघा, आणि खाली घेराची लांबच लांब दुमड. मधलं कापड कुठेच नव्हतं, त्याची माती झाली होती. दोरा मात्र पॉलिएस्टरचा होता. माझा फ्रॉक फाटेल पण उसवणार नाही, असं मास्तर गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायचे, आणि लेकीच्या फ्रॉकला तर ते दुहेरी टीप मारायचे.

पिवळा फ्रॉक. तो घालून लेक कापायच्या टेबलावर उभी राहायची आणि मास्तर घेराला खडूची खूण करायचे. ती गरगर फिरायची. "बॉबिन, उभी राहा एका जागी!" ते ओरडायचे, आणि ती आणखी फिरायची. तेव्हापासून ती बॉबिन, मशीनमधल्या गरगरत्या रिळासारखी. हे नाव या घरात उच्चारून किती वर्षं झाली होती. मास्तरीण ते मनातल्या मनात म्हणून बघायला गेली आणि तिला भडभडून आलं.

"काय शोधतेयस?"

हातगाडीचं चाक एरवी कोसभर ऐकू यायचं. आज तिला कसं ऐकू आलं नाही कोण जाणे. मास्तर घामाने निथळत मागे उभे होते. तिने मांडीवरचं काही झाकलं नाही. ते खाली बसले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला, आणि शिवणीचं एक टोक बोटांत धरलं.

"दुहेरी टीप," ते म्हणाले. "ही माझी आहे."

"तुमचीच."

"इथे कशी आली?"

तिने सांगितलं. गाठोडं, राडा, शेजारचे कपडे, आणि फोनवरचं "आहेत की." मास्तर ऐकत होते आणि अंगठ्याने शिवण चाचपत होते.

"म्हणजे शेजारचे जुने कपडे..."

"तेव्हा इथे शेजार तरी होता का? तुम्हीही विचारलं नाहीत."

"आणि मी लोकांना सांगत फिरतोय, हा वाफा माझ्या शर्टांवर उभा आहे."

ते रागावतील अशी तिने तयारी ठेवली होती. रागावले असते तर तिला बरंच वाटलं असतं. ते वाफ्याच्या बांधावर टेकले.

"फ्रॉकसाठी येतेय ती," मास्तरीण म्हणाली. "मीच बोलावलंय फ्रॉकच्या नावाखाली. आल्यावर हे कळलं तर म्हणेल, घर तर घातलंतच वाळूत, माझं लहानपणही घातलंत. आणि आता गेली ना, तर ती पुन्हा..."

"नवे शिवतो," मास्तर म्हणाले. "तसेच. दोनदा धुतले, चार उन्हं दाखवली की जुने दिसतील."

"तिला कळणार नाही?"

मास्तरांनी विचार केला. "कळेल," ते म्हणाले. "पहिल्याच शिवणीला कळेल. टेबलाखाली वाढलीय कार्टी."

"आणि शिवायला सुती कापड आहे कुठे घरात?"

त्यांनी घराकडे पाहिलं, मग वाफ्यांच्या रांगांकडे, मग आपल्या अंगावरच्या चकचकीत शर्टाकडे. घरातला सुताचा शेवटचा कपडाही जमिनीच्या पोटात गेला होता, आणि जन्मभर सुती कपड्याची महती गाणारा हा माणूस गेली काही वर्षं टेरिकॉटमध्ये शिजत होता. आधी तिला हसू फुटलं, मग त्यांना. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"नात केवढी झाली असेल गं?" त्यांनी मधेच विचारलं.

"तुम्हाला आत्ता ते सुचतंय?"

मास्तरांनी ती शिवण उचलली, बादलीत अलगद बुचकळली आणि खिडकीच्या गजावर वाळत घातली.

त्या दोघी दुपारच्या बसने आल्या. लेकीच्या भांगात पांढरे केस होते. फोनवर ते कधी दिसले नव्हते, आणि मास्तरीण तेवढेच बघत राहिली. नात आईच्या मागे लपून उभी होती. "केवढी झाली ही!" मास्तरीण म्हणाली, कुठलीही आजी म्हणते तसं, आणि तिला जवळ ओढलं. केसांना बसमधल्या धुळीचा वास होता. सोडवेना.

"आलीस?" मास्तर म्हणाले.

"आले."

"बस वेळेवर होती?"

"होती."

एवढंच. बाप आणि लेक दोघंही अंगणाकडे बघत उभे राहिले. लेकीने बॅग दाराशीच ठेवली, आत आणली नाही. कोंडी फोडली ती नातीने. तिने वाळलेल्या गवताचं पांघरूण उचकटून विचारलं, "आजोबा, तुम्ही झाडांना झोपवलंय का?"

मग काय विचारता. मास्तरांना इतका लायक श्रोता आजवर मिळाला नव्हता. त्यांनी तिला गवताखालची माती दाखवली, मूठभर उचलून दाबून तिचा गोळा करून दाखवला. मग कुंपणाबाहेरची कोरडी वाळू उचलली आणि ती बोटांतून कशी गळते ते दाखवलं. पोतेऱ्याची गोष्ट सांगितली, थोडी वाढवून. एक बादली पाण्यात हा सगळा वाफा दोन दिवस तग धरतो, हे सांगताना त्यांनी बादली पुढे आणून ठेवली, साक्षीदार असावा तशी. लेक चार पावलं मागून चालत होती. मग तिने चपला काढल्या. अनवाणी पाय तिने वाफ्याच्या कडेला टेकवला, जरा दाबून बघितला.

"इथे पाय रुतायचा," ती म्हणाली.

"आता नाही रुतत," मास्तर म्हणाले. तिच्याकडे न बघता.

ती आणखी थोडी चालली. टोमॅटोच्या काठीचा सैल झालेला दोरा तिने जाता जाता घट्ट केला. मास्तरीण ओसरीवरून बघत होती. हे असंच चालू राहावं, कुणी काही विचारू नये, संध्याकाळ होऊ नये, उद्याही होऊ नये, असं तिला इतकं तीव्रपणे वाटलं की तिने खांब धरला.

"आई," लेक वळून म्हणाली, "फ्रॉक काढलेस ना?"

मास्तरीण पायऱ्या उतरली. खिडकीच्या गजावरची शिवण तिने हातात घेतली आणि लेकीला पहिल्या वाफ्यापाशी नेलं. काय बोलायचं ते तिने दोन दिवस घोकलं होतं, ते सगळं विसरायला झालं.

"फ्रॉक नाहीत," ती म्हणाली. "तू गेलीस त्याच आठवड्यात मी ते या वाफ्यात घातले, बाबांना न सांगता. चिंध्या कमी पडल्या होत्या. आणि मला तुझा राग आला होता. फोनवर मी खोटं बोलले. तू यावीस म्हणून बोलले. एवढंच उरलंय." आणि तिने ती पिवळी शिवण लेकीच्या ओंजळीत ठेवली.

लेकीने ती ओंजळ तशीच धरून ठेवली. घेवड्याची पानं हलत होती. मास्तर लांब बादलीपाशी उभे होते आणि उगाच तिची कडी वरखाली करत होते. मास्तरणीची नजर दाराशी गेली. बॅगेची चेन बंद होती, पट्टा वर होता, खांद्यावर टाकायला हाताशी.

"हे काय आहे? मला दाखव," म्हणत नात दोघींच्या मधे घुसली. तिने शिवणीतलं एक लहान गोल वर उचललं आणि त्यातून हात घातला. गोल मनगटावरून वर गेलं, कोपराशी आलं आणि तिथे अडलं. "बांगडी आहे?"

"बाही आहे ती," लेक म्हणाली. "माझ्या फ्रॉकची."

"एवढीशी?"

मास्तरीण त्या कोपराकडे बघत राहिली. मग तिने नातीकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. पोरगी उंच होती, आईच्या छातीला लागत होती. दात पडून नवे आले होते. फ्रॉक आहेत की नाहीत या काळजीत ते बसतील की नाही हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. पण ज्या बाईने या पोरीला रोज कपडे घालून शाळेत पाठवलं, तिच्या मनात तो आला नसेल?

"हे हिला कधी बसले असते गं?" तिने हळू आवाजात विचारलं.

लेक नातीच्या हातातून दोरा सोडवत होती. तिने मान वर केली नाही.

"चार वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "पाच असतील."

मास्तरणीने हात पुढे केला आणि लेकीच्या भांगातले ते पांढरे केस कानामागे सारले. लेकीने सारू दिले.

"म्हणजे मला फ्रॉक नाही?" नातीने विचारलं.

"कोण म्हणतं नाही?" मास्तर कधी जवळ आले ते कळलंच नाही. ते आत जाऊन टेप घेऊन आले होते. "इकडे ये. पाठ ताठ. श्वास रोखायचा नाही, फुगायचं नाही." त्यांनी टेप तिच्या छातीभोवती फिरवली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने आकडा मोठ्याने बोलले. "चोवीस."

"चोवीस," लेक म्हणाली.

मास्तरांचा हात क्षणभर थांबला. दुकानात असताना ही तिचीच नोकरी होती. ते माप बोलले की टेबलाखालून ती ते पुन्हा बोलायची, म्हणजे ते विसरायचे नाहीत.

"उंची सव्वीस."

"सव्वीस."

"खांदा दहा."

"दहा." तिने शिवण घडी करून मुठीत धरली होती. "किती दिवस लागतील?" तिने विचारलं, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने विचारावं तसं.

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली. असल्या फ्रॉकला त्यांना एक दुपार पुरायची, आणि ते तिथल्या तिन्ही मोठ्यांना ठाऊक होतं.

"कापड आणायला शहरात जावं लागेल," ते म्हणाले. "मग ते भिजवायचं, आटवायचं, सावलीत सुकवायचं. घाई केली की पहिल्याच धुण्यात आखडतं. आठवडा तरी धर."

"आठवडा," लेक म्हणाली.

"फुग्याच्या बाह्या हव्या असतील तर आणखी दोन-तीन दिवस."

"मला फुग्याच्याच हव्यात," नात म्हणाली.

लेकीने पायाच्या अंगठ्याने माती जरा उकरली, पुन्हा सारखी केली. "आणि कमरेला पट्टा," ती म्हणाली. "मागे गाठ मारायचा."

मास्तरांनी हिशेब करत असल्यासारखं वर आभाळाकडे बघितलं. "मग काम वाढतंय बरं का."

"आणि अहो, खिसे लावा," मास्तरीण म्हणाली. "दोन्ही बाजूंना."